चंदेरी फिल्मवर इको-सॉल्व्हंट प्रिंट: फिल्म निवडण्यापासून काचेवर चिकटवण्यापर्यंत

पांढऱ्या व्हिनाइलवर हात बसलेला ऑपरेटर पहिल्यांदा चंदेरी रोल चढवतो तेव्हा त्याला वाटतं, मीडिया (छापायची फिल्म) बदलला, बाकी सगळं तेच. मग मशीन ‘मीडिया नाही’ म्हणून अडून बसतं. ते कसंबसं चालू केलं तर लोगोतला पांढरा रंग गायब असतो, कारण त्या जागी शाई पडलेलीच नसते. गिऱ्हाइकाने मागितलेलं सोनेरी अक्षर एका बाजूने झकास दिसतं, दुसऱ्या बाजूने मातकट. आणि दुसऱ्या दिवशी लॅमिनेशनला घ्यावं तर गडद भागाला बोट चिकटतं.

यात मशीनचा दोष नाही. इको-सॉल्व्हंटचे, म्हणजे कमी वासाच्या द्रावकावर चालणाऱ्या प्रिंटरच्या शाईचे, सियान (निळा), मॅजेंटा (गुलाबी) आणि यलो (पिवळा) हे रंग पारदर्शक असतात. गणपतीच्या मखरात फोकसवर आपण जिलेटिनचा कागद लावतो, तसे. उजेड शाईतून आत जातो, खालच्या थरावर आपटून पुन्हा शाईतूनच बाहेर येतो. खाली पांढरं व्हिनाइल असेल तर तो सगळीकडे सारखा पसरतो. खाली चकाकती धातूची फिल्म असेल तर बराचसा एकाच दिशेने परत जातो. म्हणून तिथे उभं राहणाऱ्याला रंग उजळ दिसतो आणि बाजूला उभं राहणाऱ्याला काळपट. हा गुण शाईने झाकता येत नाही. शाई जितकी वाढवाल तितकी चमक मरते, आणि चमकच मारायची असेल तर साध्या व्हिनाइलच्या कितीतरी पट पैसे मोजून ही फिल्म घेण्यात अर्थ नाही. शाई कमी ठेवायची आणि काम फिल्मकडून करून घ्यायचं, हे डिझाइनच्या टेबलापासूनच ठरवावं लागतं.

खालचे आकडे सुरुवातीला धरायचे आहेत. तुमची शाई, हेड (शाई फवारणारा भाग) आणि फिल्म यांच्याप्रमाणे ते थोडे सरकतील.

फिल्म कोणती आहे ते आधी ओळखा

बाजारात सगळ्यालाच ‘सिल्व्हर व्हिनाइल’ म्हणतात, पण त्यात मुळात दोन वेगळ्या जाती आहेत.

पहिली जात पीव्हीसीची. तिच्या अंगातच अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड मिसळलेली असते. गाडीच्या सिल्व्हर पेंटसारखी दिसते. आरशासारखा चेहरा तिच्यात दिसत नाही. इको-सॉल्व्हंट शाई पीव्हीसीचा वरचा थर किंचित मऊ करते आणि रंग त्यात रुततो, म्हणून या फिल्मवर पकड चांगली बसते.

दुसरी जात पॉलिस्टरची, म्हणजे लेबलवाले जिला ‘सिल्व्हर पेट’ म्हणतात ती. पातळ पॉलिस्टरवर निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. आरसा फिनिश आणि बऱ्याचशा ब्रश फिनिश यातच येतात. ओराकल ३५१ ही फिल्म याच जातीची. पॉलिस्टरला इको-सॉल्व्हंट विरघळवू शकत नाही. वर शाई धरणारं कोटिंग असेल तरच प्रिंट टिकतं, नाहीतर ते वाळल्यावर नखाने पापुद्र्यासारखं निघतं. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न ‘सिल्व्हर आहे का’ हा नाही. ‘सॉल्व्हंट प्रिंटेबल आहे का’ हे विचारा आणि शक्य असेल तर कंपनीचं माहितीपत्रक मागा. रेडियम कटिंगसाठी विकली जाणारी स्वस्त आरसा फिल्म बहुतेक वेळा बिनकोटिंगची असते.

दोन्ही जाती हाताने ओळखता येतात. एक पट्टी कापून हळू ताणा. पीव्हीसी थोडी ताणली जाते आणि तशीच राहते. पॉलिस्टर ताणलं जात नाही, आणि काठाला चीर पडली की सर्रकन फाटत जातं.

होलोग्राफिक म्हणजे इंद्रधनुषी फिल्मही बहुधा पॉलिस्टरवरची असते, त्यामुळे तिला हेच नियम लागू. ग्लिटरच्या खरबरीत फिल्मपासून मात्र मी हेड लांबच ठेवतो. उंच आलेला एखादा कण हेडच्या पत्र्याला घासला, तर त्या जॉबची कमाई हेडच्या किमतीपुढे काहीच नाही.

अनोळखी रोल आणल्यावर पूर्ण जॉब टाकण्याआधी एक दिवस त्याची चाचणी घ्या. तळहाताएवढा चौकोन छापा, त्यात काळा, लाल, निळा असे भरीव पट्टे असू द्या. पुरते चोवीस तास थांबा. मग कटरने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून जाळी करा, वर सेलोटेप घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगांच्या उद्योगात एएसटीएम डी ३३५९ नावाची प्रमाणित चाचणी याच तत्त्वावर चालते. टेपवर रंगाचे चौकोन आले तर तो रोल प्रिंटसाठी नाही, कटिंगला वापरा.

आणि एक फसवी गोष्ट. बऱ्याच आरसा फिल्मवर ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ पारदर्शक संरक्षक पापुद्रा असतो. तो इतका सपाट बसलेला असतो की दिसत नाही. कोपऱ्याला सेलोटेप लावून ओढून पाहा. पापुद्र्यावर छापलेलं सुंदर प्रिंट पापुद्र्यासकट निघून येतं.

आरसा की मॅट?

गिऱ्हाइकाला आरसा आवडतो. पण अक्षर वाचायचं असेल तर आरसा फिल्म घात करते. समोर उजळ आकाश असेल तर फिल्म पांढरी दिसते आणि तिच्यावरचं काळं अक्षर ठसठशीत उठतं. तीच फिल्म सावलीतल्या जिन्यासमोर लावली तर आरशात अंधार उतरतो, आणि काळ्यावर काळं अक्षर कोण वाचणार? भोसरी किंवा सातपूरच्या कारखान्यांसाठी मशीनच्या नेमप्लेट, सिरियल नंबरच्या पट्ट्या, सूचना असं काही करत असाल तर मॅट किंवा ब्रश चंदेरी फिल्मच घ्या. ती उजेड थोडा पसरवते, त्यामुळे कोणत्याही कोनातून वाचता येतं. आरसा ठेवावा सन्मानचिन्हासाठी, अत्तराच्या बाटलीच्या लेबलसाठी, दुकानाच्या काचेवरच्या एखाद्या नक्षीसाठी.

सोनेरी कामाचा निर्णयही इथेच घ्यायचा. चंदेरी फिल्मवर यलो-मॅजेंटाचा हलका हात दिला की सोनं छान दिसतं, आणि एकाच रोलवर पिवळं सोनं, गुलाबी सोनं, तांबं असं सगळं काढता येतं. पण तो हलका हातच उन्हात आधी उडतो. शाईचा थर पातळ, त्यात यलो आणि मॅजेंटा हे ऊन कमी सोसणारे रंग. मग सोन्याची चांदी व्हायला लागते, आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतं. घरातल्या, दुकानातल्या कामाला शाईचं सोनं चालेल. रस्त्यावरच्या पाटीला सोनेरी रंगाचीच फिल्म घ्या आणि तिच्यावर फक्त काळा किंवा गडद मरून छापा.

डिझाइन: इथेच निम्मं काम होतं

पांढरा रंग मिळणार नाही, हे फाइल उघडतानाच गृहीत धरा. तुमच्या कागदावर आता सर्वांत उजळ रंग चांदी. त्यामुळे माणसांचे फोटो या फिल्मवर सहसा भुतासारखे येतात. डोळ्यांची बुबुळं सोडून बाकीचा पांढरा भाग चकाकतो. फोटो हवाच असेल तर तो पांढऱ्या व्हिनाइलवर वेगळा छापून वर चिकटवा. चंदेरीवर खरं खुलतं ते भरीव रंगाचं रेखीव काम: नक्षी, बोधचिन्ह, मोठी अक्षरं.

पडद्यावर अंदाज घ्यायला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली २० ते २५ टक्के काळ्याचा एक करडा चौकोन टाका, वरच्या सगळ्या वस्तूंना ट्रान्सपरन्सीतला ‘मल्टिप्लाय’ मोड द्या. चमक दिसणार नाही, पण कोणता रंग मळकट होणार ते लगेच कळतं. फिकट आकाशी, पिस्ता, लिंबू यांच्यावर चांदीचा राखाडी चढतो. छापायला पाठवताना तो चौकोन आणि मोड दोन्ही काढायला विसरू नका.

गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला जेपीजी लोगो इथे विशेष त्रास देतो. पांढऱ्या व्हिनाइलवर लोगोच्या कडेचे दोन-तीन टक्क्यांचे फिकट ठिपके दिसत नाहीत. आरशावर ते मळ बसल्यासारखे दिसतात. लोगो नव्याने ट्रेस करा, किंवा निदान लेव्हल्समध्ये पांढरा टोकाला ढकलून ठिपके मारून टाका. मऊ सावल्याही काढा. चंदेरीवर सावली करड्या ठिपक्यांची धूळ होते.

काळा रंग नुसता के १०० (शंभर टक्के काळी शाई) ठेवला तर चांदी खालून डोकावते आणि तो तपकिरी-करडा दिसतो. त्यात सियान ४० आणि मॅजेंटा ३० घाला. त्याहून जास्त नको, वाळणार नाही.

काळ्या पट्टीत चांदीची अक्षरं सोडणं हा या फिल्मचा सर्वांत देखणा वापर आहे. फक्त मराठी अक्षरांच्या बारीक जागा लक्षात घ्या. गुळगुळीत फिल्मवर शाई किंचित पसरते. ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या फटी बुजतात आणि रफाराचा आकडा शिरोरेषेला चिकटतो. अशा सोडलेल्या अक्षरांसाठी जाड वळणाचा फॉन्ट घ्या, आकार मोठा ठेवा, गरज पडली तर अक्षराला केसाएवढी आउटलाइन देऊन फटी मोकळ्या करा.

रंगांचा तक्ता करा, प्रोफाइलवर विसंबू नका

आयसीसी प्रोफाइल (कोणत्या मीडियावर रंग कसा उतरेल हे सांगणारी फाइल) बनवायचं यंत्र पांढऱ्या, पसरट उजेड देणाऱ्या कागदासाठी असतं. ते पंचेचाळीस अंशांतून उजेड टाकतं आणि सरळ वरून मोजतं. आरशावरून उजेड दुसरीकडेच निघून जातो, यंत्राला फिल्म काळी दिसते, आणि त्या मोजणीवर बनवलेलं प्रोफाइल निरुपयोगी ठरतं. म्हणून इथे डोळाच खरा.

रिपमध्ये (डिझाइनची फाइल प्रिंटरला समजेल अशी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्लॉस व्हिनाइलचं मीडिया सेटिंग घ्या, कलर करेक्शन बंद करा, म्हणजे फाइलमधली टक्केवारी जशीच्या तशी हेडपर्यंत जाईल. मग एक तक्ता छापा. आडवा यलो ० ते १०० वीस-वीसच्या पायरीने, उभा मॅजेंटा ० ते ६० दहा-दहाच्या पायरीने. प्रत्येक चौकोनात त्याचा आकडा लिहिलेला असू द्या. याच तक्त्यात, कधी दोन चौकोनांच्या मध्ये, तुमची सोनी आणि तांबी सापडतील. शोध कुठून सुरू करायचा म्हणाल, तर फिकट सोन्यासाठी यलो ४० मॅजेंटा १०, जुन्या दागिन्याच्या सोन्यासाठी यलो ८० मॅजेंटा ३० आणि काळा ५, तांब्यासाठी यलो ७० मॅजेंटा ५०, गुलाबी सोन्यासाठी यलो २० मॅजेंटा २५. सियानसाठी वेगळा तक्ता करा. चंदेरीवरचा गडद निळा आणि मोरपंखी फार श्रीमंत दिसतात.

तक्ता वाळल्यावर निम्म्या भागावर ग्लॉस आणि निम्म्यावर मॅट लॅमिनेशन लावा. मागे फिल्मचं नाव, पास (एकाच पट्ट्यावरून हेड किती वेळा फिरतं तो आकडा), हीटरचं तापमान आणि तारीख लिहून तो मशीनशेजारी टांगा. गिऱ्हाइकाची मंजुरी याच तक्त्यावर बोट ठेवून घ्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर कधीच घेऊ नका, कारण फोटोत चमक येत नाही, समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तेवढं येतं.

मशीनवर रोल चढवताना

हातमोजे घाला. इको-सॉल्व्हंट शाईत ग्लायकॉल ईथर जातीचे द्रावक असतात. नावात ‘इको’ असलं, वास कमी असला, तरी ते त्वचेतून आणि श्वासातून आत जातात. नायट्राइलचे मोजे आणि उघडी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच. मोज्याचा दुसरा फायदा फिल्मला होतो. बोटाच्या ठशातलं तेल शाईला दूर लोटतं, आणि छापलेल्या काळ्यात अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटतो.

नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते) आणि हेडच्या दोन दिशांची अलाइनमेंट आधी पांढऱ्या व्हिनाइलच्या तुकड्यावर करून घ्या. यलोच्या रेघा चंदेरीवर दिसतच नाहीत, आणि चार नोझल बंद असल्याचं कळतं ते सोन्यावर पट्टे आल्यावर.

आता सेन्सर. बऱ्याच मशीनमध्ये तो उजेड टाकून परत किती आला ते पाहतो: पांढरा मीडिया उजळ, खालची काळी पट्टी गडद. आरसा फिल्म उजेड भलतीकडे फेकते, सेन्सरला अंधार दिसतो, आणि मशीन म्हणतं मीडिया नाही. मेनूत रुंदी ओळखणं बंद करून हाताने आकडा भरता येत असेल तर तो सोपा मार्ग. नसेल तर फिल्मच्या दोन्ही काठांवर, सेन्सर जिथून जातो तिथे, पांढऱ्या पेपर टेपचा छोटा तुकडा सपाट बसवा. तो फिल्म दाबून धरणाऱ्या पिंच रोलरखाली येऊ देऊ नका आणि त्याची कड उचललेली नको.

पिंच रोलर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यांच्यावर चिकटलेला एखादा खडा पांढऱ्या व्हिनाइलवर कळत नाही, आरशावर मात्र रोलभर तितक्याच अंतरावर खड्डा उमटत जातो. मशीन परवानगी देत असेल तर मधले रोलर उचला, दोन काठांचेच ठेवा. फिल्म खाली ओढून धरणारं सक्शनही कमी करा. पातळ पॉलिस्टरवर जास्त ओढ दिली तर खालच्या प्लेटच्या भोकांची नक्षी वर उठते. हेडची उंची पहिल्या वेळी एक पायरी वर ठेवा. पावसाळ्यात फिल्ममागचा लायनरचा कागद दमट हवा शोषतो, फिल्मच्या कडा वर वळतात आणि हेडला लागतात. रोल वापरून झाला की पिशवीत घालून तोंड बंद करून उभा ठेवायचा, एवढ्यावर हा त्रास निम्मा होतो. विदर्भातल्या किंवा पुण्याच्या कोरड्या थंडीत उलटा प्रश्न येतो, स्थिर वीज. फिल्म उलगडताना धूळ धावून येते. खोलीत पाण्याची बादली ठेवणं, फरशी ओल्या फडक्याने पुसणं हे जुने उपाय खरोखर कामाला येतात.

प्रिंट

हीटर: छपाईआधीचा आणि मधला ३८ ते ४२ अंश, छपाईनंतरचा ४५ ते ५०. पीव्हीसी फिल्म गरम प्लेटवर थांबवून जेवायला जाऊ नका; थांबलेल्या जागी ती फुगते आणि तिथली चमक बदलते.

पास ८ किंवा त्याहून जास्त, रिझोल्यूशन ७२० बाय १४४०, आणि मोठा भरीव रंग असेल तर एकाच दिशेने छपाई. वेळ दुप्पट लागतो, पण पट्ट्यांचा प्रश्न उरत नाही. या फिल्मवर पट्टे जास्त दिसतात, कारण दोन पासच्या मधल्या फटीतून चांदी थेट चमकते. फीडची (फिल्म किती पुढे सरकते त्याची) कॅलिब्रेशन याच फिल्मवर पुन्हा करा; पॉलिस्टर गुळगुळीत असतं, रोलरखाली थोडं घसरतं, आणि पांढऱ्या व्हिनाइलचा आकडा इथे लागू पडत नाही.

एकूण शाईची मर्यादा (एका जागी पडणाऱ्या सगळ्या रंगांच्या टक्केवारीची बेरीज) पांढऱ्या व्हिनाइलला तुम्ही २५० ते ३०० टक्के ठेवत असाल तर इथे १८० ते २०० वर आणा. मर्यादा न लावता गडद भाग छापला की शाई थेंब-थेंब होऊन मोत्यांसारखी जमते. असे मोती दिसले तर घाईघाईने सगळंच बदलू नका. आधी तापमान तीन अंशांनी वाढवा. तरी राहिले तर पास वाढवा. मग शाई दहा-दहा टक्क्यांनी उतरवा. या तिन्हींनी फरक पडला नाही तर फिल्मवरचं कोटिंगच नाही किंवा तिच्यावर तेलकट हात लागला आहे.

पांढरा हवाच असेल तर

मशीनमध्ये पांढरी शाई असेल तर रिपमध्ये पांढऱ्याला वेगळा स्पॉट रंग द्या आणि क्रम ‘पांढरा आधी, रंग नंतर’ असा लावा. मग जिथे पांढरा आहे तिथले रंग साध्या व्हिनाइलसारखे येतात आणि जिथे नाही तिथे चकाकतात. एकाच चित्रात दोन्ही बाजू खेळवता येतात, आणि ते पाहिलं की गिऱ्हाईक किमतीवर घासाघीस कमी करतं. पण इको-सॉल्व्हंटचा पांढरा एका थरात झाकत नाही, दोन थर द्यावे लागतात, वाळायला दुप्पट वेळ जातो. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, खाली बसतं. बाटली रोज हलवली नाही तर नळ्या आणि हेड तुंबतात. महिन्यातून एखादा जॉब असेल तर ही कटकट पोसू नये.

आपल्याकडच्या छोट्या दुकानात सरळ उपाय आहे: पांढरी अक्षरं पांढऱ्या व्हिनाइलमधून प्लॉटरवर कापून वर चिकटवणं. शंभर लेबलं असतील तर परवडणार नाही, पण एका पाटीला दहा मिनिटं लागतात आणि तो पांढरा शाईच्या पांढऱ्यापेक्षा शुभ्र असतो.

उलटा मार्गही आहे. पांढऱ्या व्हिनाइलवर धातूची शाई. प्रिंटर बनवणाऱ्या रोलँड कंपनीने २०१० मध्ये व्हर्साकॅम व्हीएस-६४० या मशीनसोबत चंदेरी शाई बाजारात आणली होती. तिची झळाळी रंगासारखी असते, आरशासारखी नाही, पण फोटोतल्या एखाद्या दागिन्यालाच चमक द्यायची असेल तर तीच योग्य.

वाळवणं

इथे लोक घाई करतात. हात लावला, कोरडं वाटलं, लॅमिनेशन मारलं. वरून कोरडं असलं तरी आत द्रावक असतो. पांढऱ्या पीव्हीसीत त्याला थोडं खाली जिरायला जागा असते. धातूचा थर असलेल्या फिल्ममध्ये खालची वाट बंद, तो वरूनच निघणार. वरून लॅमिनेशनने झाकला तर अडकतो. मग आठवड्याभरात कडा वळतात, लॅमिनेशनमध्ये फोड येतात, किंवा प्लॉटरवर फिल्म रबरासारखी ओढली जाते.

किमान २४ तास, गडद काम असेल तर ४८. गुंडाळी करून ठेवू नका. दोरीवर चिमट्याने टांगा किंवा सैल सोडून पंखा लावा. पावसाळ्यात याहून जास्त वेळ धरा. तपासायचं असेल तर सर्वांत गडद जागेला नाक लावा. वास येतोय म्हणजे द्रावक निघतोय.

लॅमिनेशन आणि कटिंग

आरसा ठेवायचा असेल तर ग्लॉस. मॅट लॅमिनेशन आरशाची चमक साटीनसारखी करतं, आणि कधी कधी तेच हवं असतं. साध्या आरसा फिल्मवर मॅट लावून मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा भास ब्रश फिल्मपेक्षा स्वस्त पडतो. हाताळलं जाणार नाही अशा सन्मानचिन्हाला लॅमिनेशन नसलं तरी चालतं. मशीनच्या नेमप्लेटला मात्र हवंच, कारण तिथे तेल लागतं आणि कामगार ती थिनरने पुसतात.

प्रिंट करून कडेने कापायचं असेल तर प्लॉटरचा डोळा क्रॉप मार्कवर (कापायची जागा दाखवणाऱ्या खुणेवर) अडखळतो. कारण तेच, चमक. मार्कवर मॅट पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवा, पेन्सिलीने लिहिता येतं ती धुरकट टेप. झगमगाट मरतो, काळी खूण उरते. खोलीतले वरचे दिवे त्या वेळेपुरते बंद केले तरी पुष्कळदा काम होतं.

पॉलिस्टरला नवं पातं लावा. बोथट पात्याने कडेला धातूची साल उडते आणि पांढरी रेघ दिसते. आधी कोपऱ्यात चौकोन-त्रिकोण कापून दाब ठरवा, वेग कमी ठेवा. देवनागरीसाठी दोन गोष्टी. अक्षरं कर्व्हमध्ये बदलल्यावर शिरोरेषा वेल्ड करून एकसंध करा, नाहीतर पातं प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर आडवं कापत जाईल. आणि लहान आकारात सुटी अक्षरं कापूच नका. कचरा सोलताना अनुस्वार, नुक्ता आणि स्वल्पविराम सगळे त्याच्यासोबत निघून जातात. त्याऐवजी पूर्ण ओळ पट्टीवर छापून फक्त पट्टीची कड कापा.

शेजारी लेझर मशीन आहे म्हणून पीव्हीसी फिल्म त्यावर कापण्याचा मोह होतो. तो टाळा. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि लेझरच्या पट्ट्या, आरशांना गंज आणणारा.

चिकटवणं

आरसा फिल्म खालचं सगळं उघडं पाडते. सनबोर्डवर लावली तर फोमची लाट दिसते, पावडर कोटिंगवर लावली तर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत. काच, अ‍ॅक्रिलिक आणि चांगला एसीपी (धातूचे पत्रे चढवलेला पाटीचा पॅनल) हेच तिचे सोबती. पृष्ठभाग आयसोप्रोपिलने दोनदा पुसा आणि शेवटी हाताने चाचपून पाहा.

पाणी आणि शॅम्पूचा एक थेंब मारून लावायची आपल्याकडची पद्धत काचेवर चालते, पण इथे स्क्वीजीला (पाणी दाबून काढायच्या पट्टीला) काटकसर नको. साध्या व्हिनाइलखाली राहिलेले बारीक फुगे उन्हात हळूहळू बसतात, कारण पीव्हीसीतून वाफ थोडी थोडी निघते. धातूच्या थरातून ती निघत नाही. राहिलेलं पाणी तिथेच डाग होऊन बसतं. स्क्वीजीला फेल्टची किंवा सुती कापडाची कड लावा, मधून काठाकडे, एकावर एक फटकारे.

दोन तुकडे शेजारी लावायचे असतील तर दिशा सांभाळा. ब्रश फिल्मला रेघ दिसते म्हणून चूक कळते. साध्या चंदेरी पीव्हीसीतही पुडीच्या कणांना दिशा असते, आणि एक तुकडा उलटा फिरवून लावला तर दोन वेगळे रंग असल्यासारखे दिसतात. कापण्याआधीच लायनरच्या मागे सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेचे बाण मारा. मोठं काम एकाच बॅचच्या रोलमधून काढा.

गोलाईवर पॉलिस्टर बसत नाही. हेल्मेट, टाकीचा उतार, गाडीचा आरसा अशी कामं घेऊ नका. पीव्हीसीची चंदेरी फिल्म थोडी ताणता येते, पण ताणलेल्या जागी ती फिकी पडते आणि छापलेला रंगही पातळ होतो. गाडीच्या बंपरवर रडार असेल तर त्याच्यासमोर धातूची फिल्म लावू नका, सिग्नल अडतो.

बाहेर लावताना कडा

धातूच्या फिल्मला उन्हापेक्षा कडेने जास्त मरण येतं. कापलेल्या कडेला अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं, तिथून ओल शिरते, आणि चकाकी काळवंडत किंवा चक्क पारदर्शक होत आत सरकते. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडतं. उपाय म्हणजे लॅमिनेशन फिल्मपेक्षा चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर मोठं कापून ते थेट काचेला चिकटू देणं. हे शक्य नसेल तर कडेने पारदर्शक एज सीलरचा हात द्या. समुद्राकाठच्या पाटीला आरसा पॉलिस्टर मागणाऱ्याला मी पीव्हीसीची चंदेरी फिल्म सुचवतो, आणि नाही पटलं तर बिलावर टिकाऊपणाची हमी लिहीत नाही.

काम देताना साफसफाईचं दोन ओळीत लिहून द्या: साधं पाणी, मऊ सुती फडकं. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे, कपडे धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर यांपैकी काही नको. क्षारीय द्रावणात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, आणि उघड्या कडेपासून सुरुवात होते.